गोळी गुपचूप अर्धी करण्यापूर्वी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका २८ वर्षांच्या असून एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. जानेवारीत ताप, सांधेदुखी आणि पायांवरची सूज यांसाठी तपासणी झाली तेव्हा त्यांना ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असल्याचे आणि तो मूत्रपिंडांपर्यंत पोहोचल्याचे निष्पन्न झाले. तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिल्यावर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीची रोज ४० मिलिग्रॅमची मात्रा सुरू झाली, ती टप्प्याटप्प्याने १५ वर आली आहे. जोडीला मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही ल्युपसवरची आणखी दोन औषधे आहेत. आजार आटोक्यात आहे, परंतु चेहरा गोल झाला, पाठीवर, छातीवर आणि कपाळावर पुरळ उठले, गालांवर लव वाढली. मार्च-एप्रिलमध्ये केस मुठीमुठीने गळले. आता गळणे कमी झाले असले तरी कपाळाजवळ आखूड, ‘तुटलेले’ केस उभे राहतात, आणि डोक्यात खाजरे, दुखरे फोड येतात. मावशींच्या सांगण्यावरून त्या रोज रात्री कोमट तेलाने मालिश करतात, शिवाय मावशींनी औषधाच्या दुकानातून आणून दिलेली एक ट्यूब त्यांनी चार रात्री चेहऱ्याला लावली आणि ‘फरक जाणवला’. डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचे लग्न आहे. गेले १२ दिवस त्या कोणालाही न सांगता गोळी एक दिवस अर्धी आणि एक दिवस पूर्ण घेत आहेत. त्या विचारतात, “जिवावरचे दुखणे टळले असताना चेहऱ्याबद्दल बोलणे डॉक्टरांना थिल्लरपणाचे वाटेल. पण ही गोळी लवकर बंद करण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे, आणि मला मात्र तेथूनच सुरुवात करावी लागणार आहे. गोळी अर्धी करण्याचा प्रयोग आज थांबवा. तुमच्यावर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना किंवा मूत्रपिंडतज्ज्ञांना उद्या सकाळी फोन करून कोणत्या तारखेपासून किती गोळी घेतली ते जसेच्या तसे सांगा. सर्वसाधारणपणे ते ठरलेल्या मात्रेवर परत यायला सांगतील आणि लघवीतील प्रथिने व रक्तदाब तपासून घेतील. मधल्या काळात चक्कर, उलट्या, पोटदुखी किंवा अंथरुणातून उठवत नाही असा थकवा आला, तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि तेथे पोहोचताच ‘मी आठ महिने स्टिरॉइडवर आहे’ हे पहिले वाक्य बोला.

हा इशारा भीती घालण्यासाठी दिलेला नाही, म्हणून त्यामागचे कारणही सांगतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक तयार करतात, आणि त्याचे रोजचे प्रमाण प्रेडनिसोलोनच्या सुमारे ५ मिलिग्रॅमच्या तोडीचे असते. बाहेरून त्याच्या कितीतरी पट पुरवठा महिनोन्महिने होत राहिला की या ग्रंथी काम थांबवतात आणि पुरवठा बंद झाल्यावरही लगेच जाग्या होत नाहीत; काहींना त्यासाठी काही महिने, तर काहींना वर्षही लागते. साधारण तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ स्टिरॉइड घेतलेल्या माणसाने ते एकदम सोडायचे नसते, पायरी पायरीने उतरायचे असते, ते याचसाठी. तुमच्या बाबतीत दुसरा धोका अधिक जवळचा आहे. मात्रा अवेळी कमी झाली तर मूत्रपिंडांतील दाह पुन्हा पेट घेऊ शकतो, मग पुन्हा सलाइन, पुन्हा ४० मिलिग्रॅम, आणि ज्या गोल चेहऱ्यापासून सुटका हवी होती तोच नव्याने सुरू होतो. लवकर सोडण्याच्या घाईने स्टिरॉइडचा मुक्काम लांबतो, हे त्वचारोगाच्या ओपीडीत मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

आता तुमच्या संकोचाबद्दल. चेहऱ्याविषयी बोलणे थिल्लरपणाचे आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले? डॉक्टरांनी तसे म्हटल्याचे तुमच्या पत्रात कोठेही नाही. ते तुम्ही त्यांच्या वतीने ठरवून टाकले आहे. रुग्ण गोळ्या गुपचूप का सोडतात, याची जी कारणे आम्हाला कळतात (आणि बहुधा उशिराच कळतात), त्यांत बदललेले रूप हे फार वरचे कारण असते. म्हणजे ज्या तक्रारीमुळे तुमच्या मूत्रपिंडांवरचा उपचार धोक्यात येऊ शकतो, ती तक्रार वैद्यकीयच आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णेला प्रथम कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले आणि १९५० मध्ये या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. गोल चेहरा, पुरळ आणि पातळ झालेली त्वचा हे दुष्परिणामही त्याच सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. तेव्हा तुम्ही काही नवे किंवा लाजिरवाणे सांगणार नाही. दुसरी बाजूही लक्षात असू द्या. १९५० च्या दशकाच्या मध्यास ल्युपसचे निदान झालेल्या रुग्णांपैकी चार-पाच वर्षांनंतर जेमतेम निम्मे हयात असत, तर आज पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. ते सारे श्रेय एकट्या स्टिरॉइडचे नव्हे, परंतु तुमची ही गोळी त्या बदलाच्या केंद्रस्थानी आहे.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे आणि मला तेच सर्वांत जास्त तपासून पाहावेसे वाटते: जे जे बिघडले ते ते गोळीने बिघडवले. तुमच्या तक्रारी एकेक करून पाहिल्या तर त्यांचे धनी वेगवेगळे निघतात.

केसांपासून सुरुवात करू. मोठा ताप, रुग्णालयातील मुक्काम किंवा शरीराला बसलेला कोणताही जबर धक्का यांमुळे डोक्यावरचे बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन ते तीन महिन्यांनी एकदम गळतात. जानेवारीत आजार, मार्च-एप्रिलमध्ये केसगळती. तुमचे वेळापत्रक त्यात तंतोतंत बसते. ल्युपस स्वतःदेखील केस विरळ करतो. अशा गळतीत केसांची मुळे शाबूत असतात. आता त्या ‘तुटलेल्या’ आखूड केसांकडे आरशात नीट पाहा, हवे तर भिंग घ्या. तुटलेल्या केसाचे टोक बोथट किंवा दुभंगलेले असते, नव्या केसाचे टोक मात्र निमुळते असते. मला दाट शंका आहे की ज्यांना तुम्ही तुटलेले समजून हळहळता आहात ते उगवणारे केस आहेत, आणि ते तुम्ही जिची धास्ती घेतली आहे त्याच गोळीच्या छत्राखाली उगवत आहेत. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे लग्नापर्यंत वेणी पूर्वीसारखी जाड होणार नाही हे आताच मान्य करून टाकलेले बरे. परंतु भांग इतका रुंद दिसणार नाही. केसगळतीत एकच प्रकार असा आहे की ज्यासाठी थांबायचे नसते. डोक्यावर नाण्याएवढा चट्टा पडला असेल, त्यावर खपली किंवा गडद कडा असेल आणि मधली त्वचा गुळगुळीत, ओढल्यासारखी दिसत असेल, तर तो ल्युपसचाच त्वचेवरचा व्रण असू शकतो. तो मुळे कायमची जाळतो, म्हणून तो आठवडाभरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

डोक्यातील फोडांचा धनी मात्र, तुमच्या वर्णनावरून, गोळी आणि तेल हे दोघे मिळून असावेत. आपल्या सर्वांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची एक यीस्ट वर्गातील बुरशी सुखाने राहत असते. तिला जगायला तेलकट पदार्थ लागतात. इतके की प्रयोगशाळेत ती वाढवायची झाली तर तिच्या खाद्यात ऑलिव्ह तेल घालतात. स्टिरॉइडमुळे त्वचेची पहारेदारी सैल झालेली असताना तुम्ही रोज रात्री तिला कोमट तेलाचे ताट वाढता आहात. कोंडा, खाज, मानेवरच्या आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेतील एकसारखे बारीक फोड, आणि तेलाचा ओघळ जातो त्या कपाळावरचे पुरळ हे सारे तिचे काम असण्याची शक्यता बरीच आहे. तेल वाईट असे मी म्हणत नाही. मावशींच्या मालिशमध्ये माया आहे आणि निरोगी डोक्याला ती मानवतेही, पण सध्या तुमच्या डोक्याला ती सोसत नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल लावाच, मात्र तासाभरात शाम्पूने धुऊन टाका. एरवी तेल बंद ठेवा आणि दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर तीन ते पाच मिनिटे ठेवून, चार आठवडे वापरण्याविषयी डॉक्टरांना विचारा. त्याचा फेस पाठीवर आणि खांद्यांवरही तेवढाच वेळ ठेवता येतो. हे औषध वरून लावल्याने रक्तात नगण्य उतरते. याच कुळातील पोटात घ्यायच्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. इट्राकोनॅझोल आपल्याकडे नायट्यासाठी सर्रास मागून घेतले जाते, पण ते काही स्टिरॉइडांचा शरीरातून निचरा होऊ देत नाही. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते. स्टिरॉइड घेणाऱ्या कोणीही ते परस्पर घेऊ नये.

पाठीवरच्या आणि छातीवरच्या पुरळात गोळीचा हात नक्की आहे. वयात येतानाच्या मुरमांत काळे ठिपके, पांढरे दाणे, पिकलेले फोड, गाठी असा सगळा गोतावळा एकत्र असतो; स्टिरॉइडचे पुरळ बहुधा एकाच मापाचे, एकाच वयाचे, लालसर दाण्यांचे असते आणि गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उठते. ते खाजत असेल तर वर सांगितलेल्या बुरशीचाही त्यात वाटा असतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिनचे कोर्स आणत राहणे उलटते, कारण प्रतिजैविक जिवाणूंना मारते आणि बुरशीला मोकळे रान देते. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा तत्सम मलमांनी बऱ्याच जणांचे भागते. प्रेडनिसोलोन खाली येईल तसे हे पुरळ ओसरते, पण ते फोडले तर राहणारे डाग आणि खड्डे ओसरत नाहीत, शिवाय स्टिरॉइडवर असताना जखमा सावकाश भरतात. मुरमांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. गर्भधारणा झाल्यास त्या गर्भाला गंभीर इजा करतात. तुम्ही घेत असलेले मायकोफेनोलेटही तसेच आहे, आणि याविषयी तुम्हाला कोणी स्पष्ट सांगितले नसेल तर तो प्रश्न पुढच्या भेटीत अवश्य विचारा. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, आणि ल्युपसच्या रुग्णाला मुळातच ऊन वर्ज्य असते, हेही ते लिहून देणाऱ्याला माहीत असायला हवे. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ल्युपसची सगळी फाईल बरोबर न्या.

आता त्या ट्यूबकडे वळतो. तिची मागची बाजू भिंगाखाली धरा आणि बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव तेथे दिसते का ते पाहा. चार रात्रींत ‘फरक’ दाखवणाऱ्या गोरेपणाच्या ट्यूबमध्ये यांतील एखादे निघते, असा माझा अनुभव आहे, आणि ही सारी स्टिरॉइडच आहेत. म्हणजे तुम्ही पोटातले स्टिरॉइड सोडू पाहता आहात आणि मावशी तोंडावर स्टिरॉइड लावायला देत आहेत. फरक एवढाच की पहिल्याची मात्रा मोजलेली आहे आणि त्यावर कोणाचे तरी लक्ष आहे. चेहऱ्यावर ही मलमे काही आठवडे लावली की लाली, उघड्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, पुरळ, वाढलेली लव आणि सोडताच होणारी आग असे दुष्टचक्र सुरू होते, आणि नायटा असल्यास तो ओळखू न येण्याइतका रूप बदलतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून शेड्यूल एच या औषधांच्या यादीत आणली, तरी मावशींना ती मिळाली, यावरून काय ते समजा. चार रात्रींच्या वापरानंतर तुम्ही ती आज बिनधास्त टाकून देऊ शकता.

घरातून आणखी एक सूचना येण्याची शक्यता आहे, म्हणून तिच्याविषयीही लिहितो: काढा. ज्येष्ठमध हे आपल्या प्रत्येक खोकल्याचे औषध असले तरी ते अधिक प्रमाणात नियमित घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. प्रेडनिसोलोनही नेमके तेच करू शकते, आणि तुमची मूत्रपिंडे आधीच शिणलेली आहेत. गुळवेल ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून दिली जाते, परंतु ल्युपस हा प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटल्याचा आजार आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्यासारख्या रुग्णाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच नकोत, कारण काही पुड्यांत दळलेले स्टिरॉइडच सापडलेले आहे.

गोल चेहरा आणि गालांवरची लव या दोन्ही गोष्टी गोळीच्याच आहेत आणि गोळी उतरेल तशा त्या उतरतात, मात्र दिवसांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबाने. जेवणात पापड, लोणचे आणि वरून घेतलेले मीठ कमी केले तर सूज थोडी हलते आणि रक्तदाबालाही बरे पडते. पोटावर किंवा मांड्यांवर जांभळट रेषा आल्या असतील तर त्या फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. उगाच आशा दाखवणाऱ्या मलमांवर पैसे घालवू नका. लव काढायला वॅक्स आणि थ्रेडिंग तूर्त टाळा, कारण पातळ झालेली त्वचा केसाबरोबर सोलून निघू शकते आणि त्या जखमेत जंतू शिरतात. चेहऱ्यासाठी मिळणारा छोटा ट्रिमर पुरेसा आहे, आणि त्याने केस राठ होतात हा निव्वळ समज आहे. लग्नात हळद अवश्य लावून घ्या, फक्त उटण्याने घासू देऊ नका. मेंदी हिरवी, घरी भिजवलेली असावी. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपातले रसायन असते, ते नको. ब्लीच नको. मांडव उघड्यावर असेल तर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावा, आणि मुख्य म्हणजे सावलीची खुर्ची पकडा; वधूची बहीण असल्याने ती तुम्हाला कोणी देणार नाही, मागूनच घ्यावी लागेल.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे विषयांतर करतो. नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा मूत्रपिंडाचा विकार) असलेल्या मुलांच्या आया, पेम्फिगस या त्वचेवर फोड आणणाऱ्या आजाराचे रुग्ण, दम्यासाठी वारंवार गोळ्यांचे कोर्स घेणारे, या सर्वांकडून मला जवळपास असेच प्रश्न येतात आणि गोळी परस्पर न थांबवण्याची गोष्ट त्या सर्वांना लागू आहे. कोविडमधील स्टिरॉइडच्या अतिवापराशी जोडल्या गेलेल्या २०२१ च्या काळ्या बुरशीच्या लाटेनंतर ‘स्टिरॉइड’ या शब्दाचीच लोकांनी धास्ती घेतली. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडे हा आणखी वेगळा प्रकार. तीही मुरमे आणतात, टक्कलही पाडतात, पण ती पुरुषी संप्रेरकांच्या जातीची असतात आणि त्यांचा तुमच्या गोळीशी नावापलीकडे संबंध नाही. मात्र एक लक्षण यांतील प्रत्येक रुग्णाने ओळखायला शिकावे. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण असते, आणि तिच्यावरचे औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले सर्वांत चांगले. मंत्र घालून तिचे तोंड बांधण्यात हे तीन दिवस घालवू नयेत. तसेच एखादी जागा लाल, गरम होऊन पसरू लागली तर ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण स्टिरॉइड तापालाही झाकून ठेवते.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गोळी लवकर बंद करण्याचा सुरक्षित मार्ग तुमच्या किंवा माझ्या हातात नाही, पण मात्रा कमी करण्याचा आग्रह धरणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. डॉक्टरांना थेट विचारा: पुढील तीन महिन्यांत मात्रा कोठवर येईल असा अंदाज आहे? त्यासाठी लघवीचे आणि रक्ताचे कोणते आकडे जमायला हवेत? मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन यांची जोड मुळात स्टिरॉइड खाली आणता यावे यासाठीही दिलेली असते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना मुळीच अनपेक्षित वाटणार नाही. भेटीला जाताना पाठीचे आणि डोक्याचे फोटो चांगल्या उजेडात काढून न्या, कारण फोड नेमके त्या दिवशी बसलेले असतात. ती ट्यूब बरोबर न्या. आणि एका कागदावर गेल्या १२ दिवसांच्या तारखा लिहून प्रत्येकीसमोर ‘पूर्ण’ किंवा ‘अर्धी’ असे मांडा. संकोचामुळे तोंडाने सांगता आले नाही, तर तो कागद नुसता टेबलावर पुढे सरकवला तरी चालेल.